वीज कंपनीच्या खिशात नेमकं किती?

टेक्सासमधल्या ब्राझोस इलेक्ट्रिक या वीज सहकारी संस्थेचं पतमानांकन फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला ‘ए’ श्रेणीतलं होतं. १ मार्चला हीच संस्था दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी होती. मधे एक महिनाही गेला नव्हता. हिवाळी वादळात वीजकेंद्रं गारठून बंद पडली. एरवी दोन आकड्यांत असणारा घाऊक बाजारातला दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेला भिडला आणि जवळजवळ चार दिवस तिथेच राहिला. वादळ ओसरल्यावर ग्रिड चालवणाऱ्या संस्थेची सुमारे दोन अब्ज डॉलरची बिलं आली, आणि ती भरायला मुदत होती मोजक्या दिवसांची. ब्राझोसकडे वीज घेणाऱ्या सदस्य संस्था होत्या, तारा होत्या, केंद्रं होती, वर्षानुवर्षं नियमित येणारा महसूल होता. त्या आठवड्यात लागणारी रोकड मात्र नव्हती.

वीज कंपन्यांबद्दल सार्वजनिक चर्चा होते ती दराची, तोट्याची, एकूण कर्जाची. ‘कंपनी टिकेल का’ हे आपण विचारतो. ‘येत्या महिन्यात तिला सगळ्यांचे पैसे वेळेवर देता येतील का’ हा प्रश्न बँका आणि मानांकन संस्था यांच्यावर सोडून देतो. माझं म्हणणं असं की, हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच सार्वजनिक आहे, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर किंमत शेवटी वीजबिलातच उतरते. टेक्सास आणि ओक्लाहोमामध्ये त्या एका आठवड्याचा खर्च दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बसवावा लागला आणि काही ग्राहक तो दोन दशकांहून जास्त काळ फेडत राहणार आहेत. एवढं मोठं ओझं ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा ग्राहकाला कधी दिसतच नाही.

आणि दिसतो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. तरलता, म्हणजे देणी वेळेवर भागवण्याइतका पैसा हाताशी असणं, म्हटलं की हात जातो चालू गुणोत्तराकडे. चालू मालमत्ता (वर्षभरात रोकड होईल अशी) भागिले चालू देणी (वर्षभरात चुकवायची). दोनच्या आसपास उत्तम, एकच्या खाली धोका, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी सगळे शिकतात. वीज कंपनीला हे माप लावलं की माणूस हमखास फसतो. धडधाकट वीज कंपनीचं चालू गुणोत्तरही बऱ्याचदा एकच्या खालीच असतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तिची विक्री रोज होते, माल गोदामात पडून राहत नाही, ग्राहक सहसा दुसरीकडे जाऊ शकत नाही. नवी लाइन किंवा उपकेंद्र उभारताना ती आधी थोड्या मुदतीचं कर्ज उचलते आणि काम पुरं झालं की ते तीस वर्षांच्या रोख्यांत फिरवते. त्यामुळे चालू देण्यांचा रकाना कायमच फुगलेला असतो. नवखा विश्लेषक तो पाहून दचकतो, तर मुरलेला ‘या धंद्यात हे असंच असतं’ म्हणून पान उलटतो. मला दुसऱ्याची चूक जास्त घातक वाटते, कारण खरोखर अडचणीत आलेल्या कंपनीचं गुणोत्तरही तसंच दिसतं.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. वर्षाचा महसूल १२,००० कोटी. चालू मालमत्ता ३,००० कोटी: ग्राहकांकडून येणी १,२००, वीज पुरवली पण अजून बिल काढलेलं नाही असा महसूल ५००, कोळसा आणि सुटे भाग ६००, नियामक आयोगाने ‘पुढे वसूल करा’ म्हणून मान्य केलेली रक्कम ५००, रोकड २००. चालू देणी ४,००० कोटी: वीज आणि इंधन पुरवठादारांचे १,१००, वर्षभरात फेडायचं दीर्घ कर्ज १,०००, कमर्शियल पेपर (बाजारातून उचललेलं थोड्या मुदतीचं कर्ज) ९००, ग्राहकांच्या सुरक्षा ठेवी ६००, बाकी किरकोळ ४००. गुणोत्तर आलं ०.७५.

आता एकेक ओळ उचलून पाहा. सहाशे कोटींचा कोळसा आणि सुटे भाग मालमत्तेत आहेत खरे, पण ते विकून कुणाचं देणं भागत नाही. कोळसा जळला की तेवढाच पुन्हा आणून टाकावा लागतो, नाहीतर केंद्र थांबेल. म्हणजे तरलतेच्या हिशोबात ही रक्कम जवळपास शून्य. उलट सहाशे कोटींच्या सुरक्षा ठेवी देण्यांत आहेत, पण सगळे ग्राहक एकाच दिवशी मीटर काढून ठेव परत मागत नाहीत. जुने जातात, नवे येतात, ठेव फिरत राहते. तीही जवळपास शून्य. आयोगाने मान्य केलेले पाचशे कोटी हा तर मंजुरीचा कागद आहे. वसुलीचं वेळापत्रक आयोगाच्या हातात असतं आणि तो ते बदलूही शकतो. उरते दोनशे कोटींची रोकड. बाराशे कोटींची येणी सोडली तर आज हातात म्हणावं असं एवढंच, सहा दिवसांच्या महसुलाइतकं.

बिल न काढलेल्या महसुलावर थोडं थांबायला हवं, कारण ताळेबंद वाचणारे तिथे क्वचितच थांबतात. महिन्याच्या शेवटच्या रात्री बारा वाजता लाखो मीटर फिरत असतात. काहींचं रीडिंग पाच तारखेला झालंय, काहींचं वीसला, काहींचं पुढच्या आठवड्यात व्हायचंय. त्या क्षणापर्यंत वापरलेली, पण बिलात न आलेली वीज किती, याचा कंपनी अंदाज बांधते आणि महसुलात धरते. अंदाजाला आधार असतो तो हवामान, मागचा वापर आणि तारांमधून झालेली गळती यांचा. गळती कमी धरली की महसूल आपोआप वाढतो. मग रीडिंग होतं, बिल जातं, मुदत मिळते, त्यानंतर कुठे पैसे येतात. वीज जळल्यापासून रोकड हाती येईपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात, तर बाजारातून वीज घेतली तर तिचे पैसे काही दिवसांत मोजावे लागतात. या दोन घड्याळांमधलं अंतर म्हणजे वीज कंपनीची तरलतेची रोजची अडचण. त्यात ताळेबंदाची तारीख मागणी ओसरलेल्या महिन्यात पडत असेल, तर वर्षातला सगळ्यात सुखाचा दिवसच आपल्याला दाखवला जातो.

मग मोजायचं कसं? मानांकन संस्था वापरतात ती रीत मला जास्त प्रामाणिक वाटते: येत्या बारा महिन्यांत पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार, दोन्हींची बेरीज करायची. एस अँड पी ही संस्था तरलता ‘पुरेशी’ म्हणायला साधारण कंपनीकडून देण्यांच्या १.२ पट स्रोत मागते. नियंत्रित, म्हणजे जिचा दर आयोग ठरवतो अशा, वीज कंपनीला १.१ पट चालतात, कारण तिचा महसूल जास्त स्थिर मानला जातो. आपल्या काल्पनिक कंपनीचे स्रोत असे: रोकड २००, कामकाजातून येणारा पैसा १,८००, बँकांची न उचललेली बांधील क्रेडिट लाइन (गरज पडेल तेव्हा उचलता येईल असं मंजूर करून ठेवलेलं कर्ज) १,५००. एकूण ३,५००. जाणारा पैसा: भांडवली कामं १,६००, कर्जफेड १,०००, कमर्शियल पेपर ९००, लाभांश ४००. एकूण ३,९००. प्रमाण ०.९ भरलं, म्हणजे पुरेसं नाही. लाभांश थांबवला आणि पाचशे कोटींची कामं पुढे ढकलली, तर जाणारा पैसा ३,००० वर येतो आणि प्रमाण १.१७ होतं. कागदावर कंपनी सावरली. पण ढकललेली ती कामं म्हणजे जुने ट्रान्सफॉर्मर, झिजलेल्या तारा, गंजलेले खांब. तरलतेची आजची चणचण उद्या वीज खंडित होण्यात किंवा आग लागण्यात रूपांतरित होते, आणि तेव्हा कारण कुणी तरलतेत शोधत नाही.

लाभांश थांबवणंही वाटतं तितकं सोपं नाही. न्यूयॉर्कच्या कॉन एडिसन या वीज कंपनीने एप्रिल १९७४ मध्ये तिमाही लाभांश दिला नाही. १८८५ पासून पहिल्यांदाच. तेलसंकटामुळे इंधनाचा खर्च भडकला होता, ग्राहक बिलं उशिरा भरत होते. शेअर कोसळला आणि सगळ्याच वीज कंपन्यांना भांडवल उभारणं जड झालं. शेवटी बांधकाम चालू असलेली दोन वीजकेंद्रं राज्याच्या वीज प्राधिकरणाने विकत घेतली, तेव्हा कंपनीला श्वास घेता आला.

क्रेडिट लाइनबद्दल वाचकांनी सगळ्यात जास्त सावध राहावं असं मला वाटतं. अहवालात ‘१,५०० कोटींची क्रेडिट लाइन उपलब्ध’ असं एक वाक्य असतं आणि ते वाचून बरं वाटतं. त्या वाक्यामागे चार प्रश्न दडलेले असतात. बँक बांधील आहे, की तिच्या मर्जीवर आहे? लाइनची मुदत केव्हा संपते, येत्या वर्षातच तर नाही ना? कर्जाच्या प्रमाणाची कुठली अट मोडली तर ती बंद होते? आणि तीच लाइन कमर्शियल पेपरला आधार म्हणून आधीच अडकलेली आहे का? आपल्या कंपनीत ९०० कोटींचे कमर्शियल पेपर आहेत. बाजाराने ते पुन्हा घ्यायला नकार दिला, तर लाइनमधले ९०० तिथेच जाणार. मोकळे उरतात ६००. सप्टेंबर २००८ मध्ये हा बाजार गोठला, तेव्हा असा नकार काय असतो ते भल्याभल्या कंपन्यांनी अनुभवलं.

आणखी एक गोष्ट उलटी दिसते म्हणून सांगतो. एखाद्या वीज कंपनीची रोकड अचानक खूप वाढली, तर ते आनंदाचं लक्षण असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायर हा वणवा पेटला, आणि काही दिवसांत, नुकसानभरपाईचा बोजा अंगावर येण्याच्या भीतीने, पीजीअँडई या वीज कंपनीने आपल्या क्रेडिट लाइन पूर्ण उचलून पैसे स्वतःकडे ठेवल्याचं जाहीर केलं. हाताशी अब्जावधी डॉलर होते. तरी २९ जानेवारी २०१९ ला ती दिवाळखोरीत गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरच्या लाहैना शहरात आग लागल्यावर हवाईयन इलेक्ट्रिकनेही क्रेडिट लाइन उचलली, मूळ कंपनीचा लाभांश थांबवला आणि रोकड जपून ठेवली. बँकेने दार लावायच्या आत आत शिरायचं, असा तो प्रकार. कंपनीच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो शहाणपणाच आहे, पण ताळेबंदावरची फक्त रोकड पाहणाऱ्याला तिथे सुबत्ता दिसेल.

यापेक्षाही अवघड भाग तारणाचा, आणि माझ्या मते आज वीज कंपनीची तरलता पाहताना सुरुवात इथूनच करायला हवी. समजा एखाद्या कंपनीकडे जलविद्युत केंद्रं आहेत. वीज तयार करायला तिला फारसा खर्च येत नाही. दर पडले तर नुकसान नको म्हणून ती पुढच्या वर्षाची वीज आजच ठरलेल्या दराने वायदे बाजारात विकून ठेवते. हा सट्टा नव्हे, सावधपणा आहे. आता दर दुप्पट झाले. केंद्रातून निघणाऱ्या विजेची किंमत वाढली, कंपनी कागदावर जास्त श्रीमंत झाली. पण वायद्यात तिने स्वस्तात विकलेलं आहे, त्यामुळे बाजाराची समाशोधन संस्था, म्हणजे व्यवहार पुरे होण्याची हमी घेणारी संस्था, तिला म्हणते, फरकाची रक्कम तारण म्हणून रोख भरा. निरोप दुपारी येतो, पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी लागतात. वीज प्रत्यक्ष विकली जाऊन ही रक्कम मोकळी व्हायला आणखी वर्ष आहे. म्हणजे श्रीमंत होता होता कंपनीची रोकड संपते.

ऑगस्ट २०२२ च्या शेवटी युरोपात नेमकं हेच झालं. फिनलंडच्या फोर्टम या वीज कंपनीचं तारण एका आठवड्यात एक अब्ज युरोने वाढून सुमारे पाच अब्जांवर गेलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला स्वीडनने २५० अब्ज क्रोना आणि फिनलंडने १० अब्ज युरोपर्यंतच्या आधाराची घोषणा केली, स्वित्झर्लंडच्या सरकारने अक्स्पो कंपनीला चार अब्ज फ्रँकची क्रेडिट लाइन दिली, आणि व्हिएन्नाच्या वीज कंपनीसाठी ऑस्ट्रियाच्या सरकारला पुढे यावं लागलं. यातल्या कुठल्याच कंपनीचं चालू गुणोत्तर जूनच्या अखेरीस पाहून हे संकट ओळखता आलं नसतं. कंपन्यांच्या सावधपणाचा धोका शेवटी सरकारी तिजोरीवर आला, आणि ज्या करदात्यांच्या नावावर तो आला त्यांना या तारणाबद्दल आधी काहीच कळलेलं नव्हतं.

तारणाला पतमानांकनाची जोड मिळाली की गाठ आणखी घट्ट होते. वीज आणि इंधन खरेदीच्या करारांत बऱ्याचदा कलम असतं: मानांकन अमुक पायरीखाली घसरलं, तर तारण ठेवा. म्हणजे ज्या दिवशी कंपनीची पत खालावते, त्याच दिवशी तिच्याकडे जास्त पैसे मागितले जातात. अमेरिकेतल्या कॉन्स्टेलेशन एनर्जीला ऑगस्ट २००८ मध्ये सांगावं लागलं की, मानांकन घसरल्यास लागणाऱ्या तारणाचा आपला आधीचा अंदाज बराच कमी होता. पुढच्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली, कॉन्स्टेलेशनचा शेअर काही दिवसांत कोसळला आणि घाईघाईने ४.७ अब्ज डॉलरला कंपनी विकायचा करार झाला, जो पुढे मोडला. त्या एका चुकलेल्या आकड्याने बाजाराचा विश्वास गेला.

आपल्या काल्पनिक कंपनीवर हे लावून पाहू. एका महिन्यात इंधन भडकलं आणि पुरवठादारांना ६०० कोटी जास्त द्यावे लागले. आयोगाच्या नियमाने ही वाढ तीन महिन्यांनी बिलात येणार, तीही वर्षभरात विभागून. मानांकन संस्थेने पायरी खाली आणली, कमर्शियल पेपर कुणी घेईना. लाइनमधले मोकळे ६०० आणि रोकड २००, मिळून ८००. त्यातून वाढीव ६०० गेले, उरले २००. तेवढ्यात करारांच्या कलमाने ३०० कोटींचं तारण मागितलं. शंभर कोटी कमी पडले. बारा हजार कोटींचा महसूल असलेली कंपनी शंभर कोटींसाठी दारोदार फिरते, आणि त्या वेळी मिळणाऱ्या कर्जाचा व्याजदर ठरवायची ताकद तिच्याकडे उरलेली नसते.

या गणितातले दोन आकडे कंपनीच्या हातात नाहीत: ते तीन महिने आणि ते एक वर्ष. म्हणूनच वीज कंपनीच्या तरलतेचा विचार नियामक आयोगाला वगळून करता येत नाही. कॅलिफोर्नियात २००० साली घाऊक दर गगनाला भिडले, पण पीजीअँडई आणि सदर्न कॅलिफोर्निया एडिसन यांचे किरकोळ दर गोठवलेले होते. महाग घ्यायचं आणि स्वस्त विकायचं, यात पीजीअँडईची वसूल न झालेली रक्कम नऊ अब्ज डॉलरच्या घरात गेली. जानेवारी २००१ मध्ये दोन्ही कंपन्यांची देणी थकू लागली, विक्रेते वीज द्यायला कचरू लागले, राज्य सरकारला स्वतः वीज खरेदी करावी लागली. ६ एप्रिल २००१ ला पीजीअँडईने पहिल्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला. दर गोठवणं ग्राहकाच्या भल्यासाठी होतं, याबद्दल मला शंका नाही. सॅन दिएगोत दर मोकळे होते तिथे २००० च्या उन्हाळ्यात लोकांची बिलं दुप्पट-तिप्पट झाली, आणि ते सोसणं सोपं नव्हतं. पण गोठवलेला दर खर्च मिटवत नाही, पुढे ढकलतो, आणि तोपर्यंत त्यावर व्याज चढतं. आयोगाने दरवाढ लांबवली की वर्तमानपत्रात ग्राहकाचा विजय छापून येतो. त्याचं व्याज ज्या वर्षी बिलात येतं, त्या वर्षी तो निर्णय कुणालाच आठवत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रत्येक वाढ लगेच बिलात टाकू दिली तर कंपनी इंधन नीट भाव करून घेईल कशाला? चणचण ही शिस्तही असते. मला हे मान्य आहे, पण अर्धंच. शिस्त लावायची तर खरेदी तपासून लावावी, जिथे निष्काळजीपणा दिसेल ती रक्कम नामंजूर करावी. पैसे उशिरा देणं ही शिस्त नाही, कारण त्याचा फटका चांगल्या आणि वाईट खरेदीला सारखाच बसतो. दुसरा आक्षेप असा की, मोठ्या क्रेडिट लाइन फुकट मिळत नाहीत, न वापरल्या तरी बँकेला शुल्क द्यावं लागतं, आणि तेही ग्राहकच भरतो. खरं आहे. ते विम्याच्या हप्त्यासारखं आहे. मग तो हप्ता किती आणि कशासाठी, हे वीजदराच्या प्रस्तावात उघड लिहावं आणि त्यावर वाद होऊ द्यावा. अक्स्पोने ते चार अब्ज फ्रँक कधी उचललेच नाहीत. ती लाइन हाताशी आहे एवढ्यानेच काम झालं.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. तारणाचे आणि कलमांचे आकडे उघड केले तर घबराट होईल, असं कंपन्या म्हणतात. शांत काळात दर तिमाहीला छापलेला आकडा कुणाला घाबरवत नाही, लोक त्याला सरावतात. घबराट होते ती कॉन्स्टेलेशनसारखा आकडा वाईट महिन्यात अचानक बाहेर पडतो तेव्हा.

वीज कंपनी एखाद्या मोठ्या समूहाचा भाग असेल तर आणखी एक गोष्ट पाहायला हवी: तिची रोकड तिचीच आहे का? समूहाच्या एकत्रित तिजोरीत जमा केलेले पैसे कागदावर ‘येणी’ असतात आणि गरजेच्या दिवशी ते मूळ कंपनीने कधीच खर्च केलेले असू शकतात. टेक्सासमधला एनर्जी फ्युचर होल्डिंग्ज हा वीज समूह एप्रिल २०१४ मध्ये बुडाला, पण त्यातली तारा सांभाळणारी ऑनकॉर ही कंपनी दिवाळखोरीबाहेर राहिली, कारण २००७ च्या व्यवहारातच तिच्याभोवती कायदेशीर कुंपण घातलेलं होतं. हे कुंपण संकट आल्यावर घालता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी वीजदराच्या सुनावणीत कुणीतरी उठून कंपनीला चार आकडे मागावेत: येत्या बारा महिन्यांत येणारा आणि जाणारा पैसा किती, बांधील क्रेडिट लाइनपैकी खरोखर मोकळी किती आणि कुठल्या तारखेपर्यंत, मानांकन दोन पायऱ्या घसरलं तर त्या आठवड्यात तारण किती लागेल, इंधन दुप्पट झालं तर कंपनी किती दिवस तग धरेल. आणि तिथेच मंचावर बसलेल्या आयोगाला पाचवा विचारावा: मागच्या वर्षी मान्य केलेल्या रकमेपैकी आजपर्यंत किती वसूल होऊ दिली, आणि उरलेल्या रकमेवर रोज किती व्याज चढतंय?